स्तनाच्या प्रत्येक गाठीवर सिनॅप्टोफायसिन लावावं का?

सूक्ष्मदर्शी: माझं मत, लावू नये. सिनॅप्टोफायसिन हा न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे चेतापेशींसारख्या हार्मोन सोडणाऱ्या, पेशी ओळखायचा मार्कर; त्याचा स्टेन म्हणजे रंग गाठीच्या तुकड्याला लावतात. २००३च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात निम्म्याहून जास्त पेशींत मार्कर पॉझिटिव्ह आला की गाठ 'न्यूरोएंडोक्राइन' ठरायची. २०१९पासून आधी पेशींचं रूप बघतात. नव्वद टक्क्यांहून जास्त गाठ तशी दिसली आणि मार्करनेही दुजोरा दिला, तरच ते नाव. नेहमीच्या डक्टल (दूधनलिकांच्या) कॅन्सरमध्ये नुसता सिनॅप्टोफायसिन उमटला म्हणून निदान बदलत नाही आणि उपचारही बदलत नाहीत. ते ठरतात ईआर, पीआर (हार्मोन रिसेप्टर), हर-टू (एक प्रथिन), ग्रेड आणि स्टेजवर. मग सरसकट स्टेन कशासाठी?

कोअरबायोप्सी: अजिबात पटलं नाही. सुईने काढलेल्या बारीक तुकड्यात रूप दिसतं तरी किती? आतड्यातला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर स्तनात पसरलेला असला आणि तो स्तनाचाच कॅन्सर समजला गेला, तर बाईचं नको ते ऑपरेशन होतं, काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या जातात आणि मूळ आजार तसाच राहतो.

सूक्ष्मदर्शी: हा धोका मलाही मान्य आहे. पण एकसारख्या पेशी, शेजारी इन-सिटू (नलिकेतच थांबलेल्या कॅन्सरच्या) भागाचा पत्ता नाही, गाटा-३ (स्तनाच्या कॅन्सरमध्ये सहसा पॉझिटिव्ह येणारा मार्कर) निगेटिव्ह, असं दिसलं तर स्टेन लावाच की! माझा विरोध सरसकटला आहे. सॉलिड पॅपिलरी आणि पेशींनी गच्च भरलेला म्युसिनस या स्तनाच्या कॅन्सरच्या प्रकारांत हे मार्कर बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतात, तरी त्यांना न्यूरोएंडोक्राइन गटात धरत नाहीत.

रिपोर्टवाचक: मी रुग्ण आहे. माझ्या रिपोर्टमध्ये 'न्यूरोएंडोक्राइन डिफरन्सिएशन' असं होतं. शोधलं तर सगळी माहिती स्वादुपिंडाच्या ट्यूमरची! जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी गोळ्या हार्मोनच्याच सुरू झाल्या. ते लिहायचंच असेल, तर उपचार बदलतात की नाही तेही खाली एका ओळीत लिहा ना.

केमोवॉर्ड: ताईंचं म्हणणं रास्त आहे. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणून मला एकच हवं, स्मॉल सेल कार्सिनोमा (अतिशय आक्रमक न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर) सुटू नये. तिथे प्लॅटिनम आणि इटोपोसाइड या केमोच्या औषधांचा विचार करावा लागतो. पण तो हेमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या साध्या स्लाइडवरच संशय उभा करतो, त्यासाठी प्रत्येक गाठ रंगवायला नको.

कोअरबायोप्सी: स्मॉल सेलचं ठीक आहे. मला भीती शांत दिसणाऱ्या, कमी ग्रेडच्या गाठींची वाटते. फुप्फुसाच्या कार्सिनॉइडमध्येही (तिथल्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरमध्ये) कधीकधी ईआर पॉझिटिव्ह येतो. एकदा ईआर पॉझिटिव्ह दिसला की गाठ स्तनाचीच वाटते, मग पुढे गाटा-३ लावायचं कोणाच्या मनात येतं? सगळ्या गाठींचं सोडतो, पण इन-सिटू भाग न दिसणाऱ्या प्रत्येक कोअर बायोप्सीवर तरी हे स्टेन सक्तीचे हवेत. यावरून मी मागे हटणार नाही.