मदत हवी आहे: आप्पांचं क्रिएटिनिन २.३ आलंय पण लघवी तर व्यवस्थित होते

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चूकभूल माफ करा. आमचे आप्पा वय ६२, शुगर १४ वर्षांपासून, बीपी पण आहे, आयुष्यभर ट्रक चालवला आता गुडघे बोलतात. मागच्या आठवड्यात पायावर सूज दिसली म्हणून साताऱ्याला नेलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) २.३, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३१, पोटॅशियम ५.६. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन १.६ होतं, तेव्हा कुणी काही बोललं नाही आणि आम्हीपण फाईल कपाटात टाकून मोकळे झालो. सोनोग्राफीत किडनीचा आकार ठीक आहे म्हणे.

आप्पांचं एकच पालुपद, लघवी धो धो होते मग किडनी खराब कशी? खरं सांगू का, मलापण ते पटतं. त्यात आत्या म्हणते बीपीच्या टेल्मिसार्टननेच किडनी जाते, ती बंद करा आणि गोखरूचा काढा द्या. नेफ्रोलॉजिस्टचा (किडनीच्या डॉक्टरांचा) नंबर सोमवारचा लागलाय. ईजीएफआर ३१ म्हणजे डायलिसिस किती लांब? बायोप्सी (किडनीचा तुकडा काढून तपासणं) करतील का? जाताना काय विचारू?

प्रतिसाद १
दादा, लघवी किती होते आणि किडनी रक्त किती गाळते हे वेगवेगळं आहे. माझ्या आईला डायलिसिस लागलं तेव्हाही रोज लिटरभर लघवी व्हायची, घाण मात्र आतच राहायची. ईजीएफआर ३१ म्हणजे किडनीच्या आजाराची स्टेज ३बी, ३० च्या खाली चौथी, १५ च्या खाली पाचवी. आणि पाचवीत गेलं तरी नुसत्या आकड्यावर डायलिसिस लावत नाहीत, उलट्या, धाप, न उतरणारी सूज, पोटॅशियम हे सगळं बघतात.
जुना रिपोर्ट १.६ चा आहे म्हणजे दुखणं जुनंच आहे, पण २.३ वर उडी कशाने गेली ते शोधा. गुडघ्यासाठी काय खातात ते? आणि लघवीचा एसीआर केलाय का? किडनीतून प्रोटीन किती गळतंय ते त्यातच कळतं, ३० च्या आत पाहिजे.

धागाकर्ता
एसीआर कुणी सांगितलाच नाही. गुडघ्याचं विचारलं तर आप्पा गप्प, आईने गादीखालून डायक्लोफिनॅकची (दुखण्याच्या गोळ्यांची) पाकिटं काढून दाखवली, मेडिकलमधून रोज दोन, चार महिने झाले 😑

प्रतिसाद २
मग अर्धं उत्तर गादीखालीच होतं की. असल्या पेनकिलरने किडनीला इजा होते, ती गोळी आजच बंद, इबुप्रोफेन पण नको, काढा तर अजिबात नको. टेल्मिसार्टन मात्र मनाने थांबवू नका. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंत डॉक्टर चालवून घेतात, कारण ती किडनीच्या गाळणीवरचा दाब कमी करते आणि प्रोटीन गळणं कमी होतं. पण पोटॅशियम ५.६ म्हणजे चढलेलं आहे, सोमवारपर्यंत बसू नका, आजच फोन करून गोळ्यांचं विचारा. घरात लो सोडियमवालं मीठ आणलंय का? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, बीपीला बरं म्हणून लोक आणतात आणि किडनीवाल्याला तेच बाधतं.
डोळ्याचा पडदापण तपासून घ्या. प्रोटीन भरपूर जातंय आणि पडद्यावर शुगरचा काहीच परिणाम नाही असं निघालं तर कारण वेगळं असू शकतं, बायोप्सीचा विषय बहुतेक तेव्हा निघतो.

धागाकर्ता (३ आठवड्यांनी)
उशिरा आलो, सॉरी. मीठ तेच निघालं, आत्यानेच आणून दिलेलं, आता तिला सांगायचं कोणी! फोनवर डॉक्टरांनी रक्त लगेच परत तपासायला लावलं, मीठ, शहाळं, केळी बंद, भाज्या उकळून पाणी फेकायचं. आता क्रिएटिनिन १.९, ईजीएफआर ३९, पोटॅशियम ४.८. एसीआर ६४० आला तेव्हा पोटात गोळाच आला, पण पडद्यावर शुगरच्या खुणा दिसल्या त्यामुळे हे शुगरचंच धरलंय, बायोप्सी सध्या नाही. शुगरची मेटफॉर्मिन अर्धी केली, डापाग्लिफ्लोझिन (शुगरचीच, पण किडनीपण जपणारी गोळी) सुरू केली, टेल्मिसार्टन चालूच आहे. १.६ वर परत जाईल का विचारलं तर म्हणाले आहे ते टिकवू, ३ महिन्यांनी परत या.
आता अडलंय ते गुडघ्यापाशी. पॅरासिटामॉल चालेल म्हणालेत पण आप्पांना त्याने फरकच पडत नाही, रात्रभर कण्हतात, आणि मला भीती की ते परत मेडिकलवर जाऊन येतील. किडनीवाल्या कुणाच्या घरी गुडघ्याचं काय केलंत? फिजिओथेरपीचा उपयोग झाला का कुणाला?