बांधकामाचा हक्क विकून शेत राखायचं : पटतं का तुम्हाला?

शिवारकर
१९ वर्षं मध्य न्यू जर्सीत राहतोय. टर्नपाइकच्या (इथला टोलवाला महामार्ग) ८-ए एक्झिटच्या आसपास पूर्वी बटाट्याची शेतं होती, आता मैलभर गोदामं. त्यांच्या मधोमध काही शेतं तगून आहेत, बांधावर पाटी: 'प्रिझर्व्ड फार्मलँड'.

या पाटीमागचा व्यवहार असा. शेतकरी जमीन विकत नाही, तिच्यावर घरं-गोदामं बांधायचा हक्क तेवढा विकतो. जमीन खुल्या बाजारात कितीला जाईल आणि नुसती शेती म्हणून कितीला, यातल्या फरकावर मोबदला ठरतो. तो राज्य, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि गाव मिळून देतात. जमीन कसायची, विकायची, मुलांना द्यायची मुभा राहते, पण बांधकाम न करण्याची अट पुढच्या प्रत्येक मालकाला लागू. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त कधीच न उतरणारा बोजा म्हणा. कायदा १९८३ चा, आणि अडीच लाख एकरांहून जास्त जमीन अशी राखली गेली आहे.

मला हे मनापासून पटतं. चार भावंडांत एकालाच कसायचं असतं, तिघांना वाटा हवा असतो. या पैशातून कसणारा तिघांचं देणं भागवू शकतो, शेत अखंड राहतं. चाकणजवळची आमच्या आजोबांची जमीन वाटण्यांत तुटली नि प्लॉट होऊन गेली. तेव्हा असा काही मार्ग असता तर?

रोखठोक_७७
साफ असहमत. पैसे आज आपण घ्यायचे आणि हात नातवंडांचे बांधायचे, तेही कायमचे! हंटरडन काउंटीतलं प्रकरण माहीत असेलच. फुलं पिकवणाऱ्याने अशा राखीव शेतात हूपहाउससाठी (प्लास्टिकने झाकलेले कमानीदार मांडव) २० एकर सपाट केले, म्हणजे शेतीसाठीच. तरी २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. उद्या शेतीची रीतच बदलली तर शेतकऱ्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या?

शिवारकर
हूपहाउसला कोर्टाने हरकत घेतली नव्हती. डोंगरउतार खणून वरची कसदार माती आणि खालचा मुरूम एक केला, जमिनीचं कायमचं नुकसान झालं, म्हणून निकाल विरोधात गेला. माती वाचवायलाच लोकांनी पैसे मोजले होते ना?

मुळाकाठ
मी हडपसरची. मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी ४०० एकर एकत्र करून स्वतःच शहर उभं केलं. जमीन बिल्डरच्या घशात घातली नाही, भागीदार झाले. ऊस गेला हे खरं, पण ती माणसं देशोधडीला लागली नाहीत. शेतकऱ्याने शेतकरीच राहावं हा आग्रह मला नेहमी शहरातल्यांचाच वाटत आलाय. शेत राखाल हो, पण भाव पडल्यावर ते कसणाऱ्याला कोण राखणार?

शिवारकर
हा मुद्दा मला टोचला, कारण खरा आहे. बोजा चढवल्याने शेती परवडायला लागत नाही. मगरपट्ट्याबद्दलही आदरच आहे. पण आग्रह आणि सौदा यांत फरक करा. इथेच २००४ मध्ये हायलँड्स कायदा आला, डोंगराळ भागात बांधकामावर कडक बंधनं आली आणि शेतकरी भडकले, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणतोय ती योजना स्वेच्छेची. ज्याला नको त्याने सही करू नये. आपल्याकडे मात्र बिनशेती करून विकण्याचा एकच रस्ता रुंद करून ठेवलाय. दुसरा निदान असू तरी द्या.

रोखठोक_७७
सही आजोबांची स्वेच्छेची. नातवाचं काय?

शिवारकर
आजोबांनी जमीन विकली असती तरी नातवाला कुणी विचारलं असतं?

जोंधळा
बाबांना सगळं वाचून दाखवलं. 'बोजा' ऐकून आधी बिथरलेच, सोसायटीचं कर्ज फेडण्यात त्यांची अकरा वर्षं गेलीत. मग बराच वेळ गप्प होते. शेवटी दोनच गोष्टी विचारल्या: पैसे एकरकमी मिळतात का, आणि नंतर गोठा बांधता येतो का?

शिवारकर
बहुतेक वेळा एकरकमी. आणि गोठा बांधता येतो, शेतीसाठी लागणारं बांधकाम चालतं.