नाल्यातले शंख, गोटीची बाटली आणि एक पान... हे नेमकं काय सापडलंय?

कन्हानकाठ

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, पोरगा सहावीत. पावसाळा संपल्यापासून आम्हा बापलेकांना नवीनच याड लागलंय, रविवार उजाडला की नाल्यात. झालं असं की काटोल रोडकडे सासऱ्यांचं वावर आहे, त्याच्या धुऱ्याला लागून एक नाला जातो, पाणी उतरलं की काठ अगदी चाकूने कापल्यासारखा दिसतो, खालीवर काळा दगड आणि मधात हातभर जाडीचा पांढरट-पिवळट थर. त्या थरातून निसटलेले दगड नाल्यात पडलेले असतात, त्यात शंख! एकेक अंगठ्याएवढा. पोरगा म्हणतो बाबा इथे समुद्र होता, मी म्हटलं असेल बाप्पा.

मग दिवाळीत कामठीला भावाकडे गेलो तर तिथे कन्हानला मिळणारा एक नाला आहे, त्याच्या काठाला जुना उकिरडा खचलाय आणि त्यातून काच डोकावून राहिली. तिथे एक गोटी सोड्याची बाटली मिळाली (मान तुटकी पण गोटी आतच), एक गडद निळी सहाकोनी बाटली, तिच्या अंगावर उभ्या रेघा, आणि एक मातीची, वरून तपकिरी खालून पांढुरकी. शिवाय दोन दगड असे की एकावर लांबट पानाचा ठसा आहे, दुसऱ्यावर काळ्या रंगात फर्नसारखी बारीक नक्षी.

सगळं बुटांच्या खोक्यात भरून ठेवलंय. आता प्रश्न असे की हे खरंच जीवाश्म आहेत का, बाटल्या किती जुन्या, साफ कशाने करायचं (बायको म्हणते संडासचं ॲसिड टाका, चकाचक होईल) आणि हे घरी ठेवलं तर पोलीस वगैरे येतील का?

दगडधोंडे

दादा, पहिले ते ॲसिड बाजूला ठेवा. व्हिनेगरसुद्धा नको. त्या थरात कुठे चर्ट (गारेसारखा कठीण दगड) असतो कुठे चुनखडीचा भाग असतो, चर्टला काही होणार नाही पण चुन्याचा शंख असेल तर फसफसून जाईल. साधं पाणी आणि जुना टूथब्रश, बस्स.

मी जिऑलॉजीत एम.एस्सी. केलं, आता शाळेत शिकवते, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून हेवाच वाटला. समुद्र नव्हता, तळं होतं. तो काळा दगड म्हणजे लाव्हा, दख्खनचा पठारी बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा एकदम नाही आला, एक थर आला, मग बराच काळ शांतता, त्या काळात खळग्यांत पाणी साचलं, तळी झाली, गोगलगायी आल्या, झाडं आली, आणि मग वरून पुढचा लाव्हा. मधला पांढरा थर म्हणजे त्या तळ्याचा गाळ. लाव्ह्याच्या या थरांना ट्रॅप म्हणतात, दोन ट्रॅपच्या मधला म्हणून हा इंटरट्रॅपियन. तुमचे शंख बहुतेक फायसा, गोड्या पाण्यातली गोगलगाय. एक सोपी टेस्ट करा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे असं धरा. तोंड डाव्या हाताला आलं तर फायसा, कारण बहुतेक शंख उजवे असतात आणि हा डावखुरा.

आणि ही जागा काही अशीतशी नाही. तुमच्या त्याच बाजूला टाकळी, तिथून 1850 च्या आसपास स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी गोगलगायी, फळं, बिया असं काय काय गोळा केलं होतं. हिस्लॉप कॉलेजवाले हिस्लॉप तेच.

आता पान आणि नक्षी. इथे मला एकच विचारायचंय, ते दोन दगड कुठे मिळाले? काटोल रोडला की कामठीला? फोटो नंतर टाका, आधी हे सांगा.

कन्हानकाठ

ताई, तोंड डावीकडेच आहे!! चारही शंखांचं. पोरगा उड्या मारून राहिला.

दगडांचं म्हणाल तर... तीच गडबड आहे. एक इकडचा असावा एक तिकडचा. खोक्यात सगळं एकत्र झालं ना. काय फरक पडतो पण?

दगडधोंडे

फरक पडतो म्हणजे सगळंच बदलतं. कामठीचा खडक वेगळाच आहे, तिथे लाव्हा नाही, लालसर तपकिरी वाळूचा खडक, त्याला भूशास्त्रात नावच कामठी फॉर्मेशन आहे. म्हणजे जगभरच्या अभ्यासकांना तुमच्या भावाच्या गावाचं नाव माहीत, गावातल्यांना नाही. त्या खडकात ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची पानं मिळतात, जिभेसारखं लांबट पान, मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. वय साधारण 25 कोटी वर्षं, म्हणजे डायनासोर यायच्याही आधीचं. हेच झाड आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका सगळीकडे मिळतं, त्यावरून तर हे सगळे खंड एकत्र होते म्हणायला आधार मिळाला. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि सोबतचे मेले, त्यांच्या सामानात या पानांचे दगड होते, शेवटपर्यंत टाकले नाहीत त्यांनी. आणि त्या एकत्र खंडाचं नाव गोंडवाना, आपल्या गोंडांवरून. (हे सांगताना माझा दर वर्षी वर्गात कंठ दाटून येतो, असो.)

पण तेच फर्नसारखं काळं चित्र जर काटोल रोडच्या पांढऱ्या दगडावर असेल तर ते जीवाश्मच नाही. त्याला डेंड्राइट म्हणतात, भेगेतून मँगनीजचं पाणी झिरपतं आणि झाडासारखी नक्षी उमटते. भलेभले फसतात. ओळखायची खूण म्हणजे पानाला मधली शीर आणि कडा असते, डेंड्राइटला नसते, ते नुसतं फाटे फुटत जातं आणि भेगेच्या कडेपासून सुरू होतं.

म्हणून म्हणते, यापुढे दगड उचलला की तिथेच कागदाचा चिटोरा, त्यावर गाव, नाला, तारीख, थरातून काढला की नाल्यात पडलेला होता. चिटोरा हरवला तर म्युझियमवालासुद्धा त्याचं काही करू शकत नाही.

पेठेतला बाटलीवाला

मी दगडांतला नाही, बाटल्यांतला. पुण्यात कॅम्पाच्या भागात बांधकामाचे खड्डे खणले की मी कडेला उभा, पंधरा वर्षं झाली.

भाऊ, निळी सहाकोनी बाटली आधी पोराच्या हातातून काढून घ्या. ती विषाची बाटली. रेघा शोभेला नाहीत, रात्री अंधारात औषध घ्यायला हात घातला तर बोटांना कळावं की ही ती नव्हे, म्हणून. तळाशी काही वाळलेलं दिसत असेल तर घासत बसू नका, हातमोजे घाला आणि ते पाणी मोरीत नका टाकू.

मातीची आहे ती बहुधा जिंजर बिअरची. कामठीला 1821 पासून छावणी, गोऱ्या पलटणी, त्यांना सोडा, जिंजर बिअर, औषधं सगळं लागायचं. आणि नागपूरला रेल्वे आली 1867 ला, त्याआधी हा माल बैलगाडीने यायचा, तेव्हा एकेक बाटली काय किमतीची असेल बघा.

गोटीच्या बाटलीची मात्र घाई करू नका. हिराम कॉड नावाच्या इंग्रजाचं पेटंट 1870 च्या दशकातलं, बाटली उलटी करून भरायची, गॅसच्या दाबाने गोटी मानेतल्या रबरी कड्याला घट्ट बसायची. पण आपल्याकडे ती त्यानंतर कितीतरी वर्षं चालली, ठेल्यावर अजून दिसते. त्यामुळे गोटी दिसली की इंग्रजांचा काळ असं नसतं. बाकी बाटल्यांना एक चाचणी लावा. अंगावर दोन बाजूंना साच्याची उभी रेघ असते, ती कुठपर्यंत जाते बघा. ओठाच्या खाली संपली तर ओठ हाताने केलाय, जुनी असण्याची शक्यता. ओठावरून थेट वर गेली तर मशीनची, आणि पूर्ण मशीन आलं 1903-04 च्या सुमाराला अमेरिकेत, इकडे त्याहून उशिरा. आपले काचकारखानेही तसे नंतरचेच, तळेगावचा पैसा फंड 1908 चा, ओगलेवाडीचा 1916 चा.

साफ करायला कोमट पाणी, त्यात थोडे तांदूळ टाकून हलवा. गरम पाणी ओताल तर तडकेल. काचेवर इंद्रधनुष्यासारखा पापुद्रा असेल तर तो मळ नाही, काचच जमिनीत कुजलीये, खरवडू नका. पैसे? तुटक्या मानेच्या बाटलीचे चहापुरते. मान पोरं मुद्दाम फोडायची, गोटीसाठी, म्हणून तर अख्खी मिळणं अवघड.

वऱ्हाडी मामा

ज्ञान लय झालं, आता कामाचं ऐका. खचलेल्या काठाखाली पोराला बसवू नका, वरून दरड कधी येईल सांगता येत नाही. दगड उलटवताना हाताने नाही, काठीने, खाली घोणस असते. चपला नाही, बूट. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, उकिरड्याची काच आहे ती. आणि आभाळ भरलं असेल तर नाल्यात उतरूच नका. ताईंनी हिस्लॉपचं सांगितलं पण शेवट नाही सांगितला. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परत येत होते, वाटेत नाला भरलेला, त्यात बुडाले.

दगडधोंडे

हो मामा, ते राहिलंच. आणि शिळावर्तुळांवरून आठवलं, दादा, नागपूरभोवती जुनापाणीसारखी गोल मांडलेल्या दगडांची जागा दिसली तर तिथे काही उचलायचं-खणायचं नाही, पुरातत्त्ववाल्यांचं संरक्षण असतं. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेणंही बेकायदा. सासऱ्यांच्या नाल्यातून चार शंख आणलेत त्यासाठी कुणी येणार नाही, फक्त काठाला कुदळ लावू नका, पडलेलंच उचला. हाडासारखं काही दिसलं तर जागेवर ठेवून फोटो काढा आणि विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवा. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे दगड मिळतात, दिसायला ओबडधोबड गोळे, कुणी लाथेने उडवले असते. त्यात गवताचे अंश सापडले, 2005 मध्ये छापून आलं, तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं यावर कुणाचा विश्वास नव्हता.

कन्हानकाठ

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

निळी बाटली कपाटाच्या वर गेली. मातीची जिंजर बिअरचीच वाटते, खाली पुसट इंग्रजी अक्षरं आहेत. बाटलीवाले भाऊंच्या टेस्टचं ऐकून पोराने घरातल्या सगळ्या बाटल्या तपासल्या, सॉसचीसुद्धा, आता आईकडून मार खाईल.

आणि दगडांचं. मी तर हात टेकले होते पण पोरगा म्हणाला बाबा, काटोल रोडला मी शाळेची पँट घालून आलो होतो आणि कामठीला दिवाळीची नवीन. दोन्ही पँटींचे खिसे उलटे केले. शाळेच्या पँटीत पांढरा चुरा, नवीन पँटीत लाल वाळू. पानाचा दगड घासला तर लाल वाळू निघते आणि मधली शीर आहे, भिंगातून जाळी पण दिसते. नक्षीवाला पांढरा आहे. म्हणजे ताई, एक पास एक नापास ना?

फोटो टाकतो संध्याकाळी. नवीन पँट मात्र धुवायला टाकायची नाही म्हणतोय.