मदत हवी आहे: दोन डॉक्टर, दोन आजार. खरं कोणतं?

दुसरा_मजला: एकाच्या कागदावर आजाराचा कोड एफ ४१.१, म्हणजे सततची चिंता. दुसऱ्याच्या कागदावर एफ ४१.०, पॅनिक, म्हणजे अचानक येणारे भीतीचे झटके. ऑनलाइन जीएडी-७ (चिंता मोजायची सात प्रश्नांची यादी) भरला, २१ पैकी १४. सोमवारपासून गोळी सुरू करायची आहे, लवकर सांगा.

खारी_बटर: कुणाला होतंय? वय? कधीपासून?

दुसरा_मजला: बायकोला. ३८. तीन महिने झाले. धडधड होते, हात इतके थरथरतात की भाजी चिरताना सुरी खाली ठेवते. रात्री अडीचला उठून गॅस बघते.

जुना_खेळाडू: मीही यातून गेलोय. अनुलोम-विलोम आणि चहा बंद. ४० दिवसांत मोकळा झालो. गोळ्यांच्या नादी लागू नका.

सांजवात: गॅस बघते म्हणजे ओसीडी, तेच तेच पुन्हा तपासत राहण्याचा आजार! तोही चिंतेचाच आजार.

खारी_बटर: एकदा बघून झोपत असेल तर कसला ओसीडी? आणि डीएसएम-५ ने (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक, पाचवी आवृत्ती) २०१३ मध्येच त्याचं घर चिंतेच्या आजारांपासून वेगळं केलंय.
धागाकर्ते, १९८० च्या डीएसएम-३ आधी तुमच्या कागदांवरचे हे दोन्ही आजार 'अँक्झायटी न्यूरोसिस' या एकाच नावाखाली होते. आजही एकाच माणसात दोन्ही असू शकतात. शिवाय सततच्या चिंतेला डीएसएम सहा महिने मागतं, तुमचे तीनच झालेत. तो जीएडी-७ चा १४ आकडा मागच्या दोन आठवड्यांचा. ती नुसती चाळणी आहे, निदान नव्हे.

पॉलिसीवाला: २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. पॉलिसी तपासा.

खारी_बटर: विम्याचं कुणी विचारलंय? दुसरी औषधं चालू आहेत का?

दुसरा_मजला: काही नाही. थायरॉइडची सोडून, ती काय सगळेच घेतात. आषाढीच्या सुमारास डोस वाढवून ५० ची ७५ केली.

खारी_बटर: आणि धडधड?

दुसरा_मजला: त्यानंतरच... पण सायकिअ‍ॅट्रिस्टनी विचारलं असेल ना? मी बाहेर बसलो होतो.

खारी_बटर: अहो, हे आत्ता सांगताय? थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी अगदी असंच होतं. वाढवल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली का?

दुसरा_मजला: नाही.

खारी_बटर: उद्याच करा. मनाने थायरॉइडची गोळी बंद करू नका, कमीही नको. रिपोर्ट दोघांनाही दाखवा, थायरॉइडवाल्यांना आणि सायकिअ‍ॅट्रिस्टना. टीएसएच नीट आली तर चिंता खरीच असेल, मग ती सोमवारची गोळी घ्यायला लाजू नका.

दुसरा_मजला: लॅबवाला सकाळी साडेसातला घरी येतोय. बायको विचारतेय, उपाशीपोटी लागतं का?

जुना_खेळाडू: चहा तरी बंद करा.