बर्ड्सव्हिलची धावपट्टी
शंभर-सव्वाशे वस्तीच्या गावाला विमानतळ म्हणजे उधळपट्टी, असं काही जण म्हणतात. पटलं नाही. ऑस्ट्रेलियातलं बर्ड्सव्हिलच घ्या. क्वीन्सलँड राज्याच्या टोकाला, सिम्पसन वाळवंटाच्या काठावर. ब्रिस्बेन दीडेक हजार किलोमीटर लांब. जोरदार पाऊस झाला की कच्चे रस्ते कित्येक दिवस बंद. मग उरतं काय? विमान! ब्रिस्बेनहून माउंट आयसाला जाणारं छोटं विमान चार्लव्हिल, क्विल्पी, विंडोरा, बर्ड्सव्हिल असं थांबत थांबत जातं. आपली लाल डब्याची एसटीच म्हणा ना. तिकिटांवर ते भागत नाही, राज्य सरकार पदरचे पैसे घालतं.

आजारी माणसाचं तर विचारूच नका. दूरच्या रुग्णांपर्यंत विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचं पहिलं उड्डाण 17 मे 1928 रोजी याच राज्यातल्या क्लॉनकरीहून झालं, तेही क्वांटास या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या विमानातून. आजही तिकडे रुग्णवाहिका आकाशातूनच येते.

बाकी मौज वेगळीच. धावपट्टीसमोरच 1884 सालचं हॉटेल. उतरायचं आणि चालत जाऊन बिअर मागवायची. गावातल्या घोड्यांच्या शर्यतींच्या दिवसांत लोक स्वतःची विमानं घेऊन येतात आणि चक्क पंखाखाली तंबू ठोकून झोपतात.