डेटाबेसच्या टूलनं न विचारता टेबलच्या नावाला डबल कोट लावावेत का?

अक्कलकोटरोड
आमच्या टॉवेल कारखान्याचा स्टॉक पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. नव्या पोरानं टूलच्या खिडकीतून टेबल केलं, नाव 'टॉवेलस्टॉक', टी आणि एस कॅपिटल. टूलनं गुपचूप डबल कोट लावले. संध्याकाळी माल भरायच्या वेळी मी हातानं क्वेरी (डेटाबेसला माहिती मागायची ओळ) लिहिली, तर म्हणे असं टेबलच नाही! कोट नसलेलं नाव पोस्टग्रेस स्मॉल अक्षरांत करून शोधतो, कोटातलं जसंच्या तसं धरतो. आता त्या टेबलला कायमचे कोट लावत बसा. माझं स्पष्ट मत: गरज असेल तिथंच कोट, आणि कॅपिटल दिसलं की टूलनं आधी विचारावं.

सातरस्ता
पटलं नाही सर. गरज कुठं आहे हे टूलनं ठरवायचं कशावरून? राखीव शब्दांची, म्हणजे डेटाबेसनं स्वतःच्या आज्ञांसाठी ठेवलेल्या शब्दांची, यादी वाढत असते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीत 'रँक' आणि 'ग्रुप्स' राखीव झाले आणि त्या नावाच्या कॉलमवर आधी नीट चालणाऱ्या क्वेऱ्या अडकल्या. सरसकट कोट असते तर काही झालं नसतं. आणि आपल्याकडं निम्म्या लोकांच्या टेबलचं नाव नुसतं 'ऑर्डर' असतं. ते कोटाशिवाय चालतच नाही.

अक्कलकोटरोड
'ऑर्डर' नाव ठेवूच नये. आणि सरसकट कोटाचा तोटा एसक्यूलाइट या आणखी एका डेटाबेसवर बघा. कॉलम 'शेड'चं नाव कुणी बदललं आणि जुन्या क्वेरीत ते डबल कोटात राहिलं, तर एरर येत नाही. तो साधा मजकूर समजतो आणि प्रत्येक ओळीत 'शेड' हाच शब्द छापतो. कोट नसता तर जागीच थांबला असता.

सातरस्ता
ती खोड एसक्यूलाइटची. २०१९ पासून ती बंद करता येते. टूलला कशाला बोल?

चादरवाला
एक्सेलमधून आलेल्या 'बिल नं.' सारख्या कॉलमला कोट लागणारच, मध्ये जागा आणि शेवटी टिंब आहे. मराठी नावं मात्र पोस्टग्रेस कोटाशिवायही घेतो. फक्त लांबी सांभाळा. मर्यादा ६३ बाइटची, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हं, पुढचं कापलं जातं.
अक्कलकोटरोड, एक अल्टर टेबल मारून नाव स्मॉल करून टाका की.

अक्कलकोटरोड
केलं असतं हो. पण तोवर पोरानं बारा रिपोर्ट त्याच नावावर लिहून ठेवलेत, सगळे कोटासकट.