खापर चुकीच्या डोक्यावर

'१९ जुलै २०२४ला मायक्रोसॉफ्ट बसलं आणि जग ठप्प झालं' असं सर्रास म्हटलं जातं. पण घोळ क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमध्ये होता. तिचं फाल्कन हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतं. ते कोसळलं की अख्खं मशीनच बंद पडून बिघाडाच्या निळ्या पडद्यावर. ७८ मिनिटांत अपडेट मागेही घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन आडवी झाली होती. एकूण विंडोज मशीनच्या तुलनेत एक टक्काही नाही! फक्त ती विमानतळांवर, बँकांत, दवाखान्यांत होती.

खरी गंमत पुढेच. जे चालूच होत नाही त्याला दुरून दुरुस्ती पाठवणार कशी? माणसाने प्रत्येक मशीनपाशी जायचं, सेफ मोडमध्ये, म्हणजे जेमतेम गरजेपुरत्या गोष्टींवर, चालू करायचं, त्या अपडेटची एक फाइल शोधून उडवायची. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, असेल तर आधी त्या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की टाका. आणि काही ठिकाणी त्या कीज ज्या सर्व्हरवर जपून ठेवलेल्या, तोही निळाच!

आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, त्याची फार टिंगल झाली. मला उलट त्याचं कौतुक वाटलं. 'कागदावर करू' म्हणणं सोपं आहे हो, पण त्यासाठी प्रवाशांची यादी आधी हातात लागते, आणि ती कशी वापरायची हे ठाऊक असलेली माणसंही.

तुमच्यापैकी कुणाच्या ऑफिसात सिस्टिम मुद्दाम बंद ठेवून काम करायची तालीम होते का? आगीची होते, ती सोडून.